एका चुलीले सहा तिकिटं

बोरगाव, तालुका सौंसर
करीचा दिवस (या दिवशी नवं काम काढू नये म्हणतात, पण हे काम जुनंच आहे)

तीर्थस्वरूप केसरबाईस, तुझा धाकटा भाऊ गजेंद्र याचा, कंबर जितकी परवानगी देते तितकं वाकून नमस्कार.

भाऊजींचा खोकला कसा आहे? मागच्या भेटीत ते तोंडात ज्येष्ठमध ठेवून माझ्याशी लय वेळ बोलले, मले एक अक्षर समजलं नाही, पण मी आपलं होय होय करत गेलो. त्यात मी काही कबूल करून बसलो असन तं कळव. तुझे गुडघे, तुझी म्हैस, तुझ्या सुनेचे पापड, सगळ्यांची खुशाली लिही. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. हातात फोन असताना हा माणूस पत्र कायले लिहून राहिला, असं तुले वाटन. बाई, फोन मी गव्हाच्या कोठीत टाकला आहे. त्याच्यावर इतके ओटीपी आले की आता नुसता टिंग असा आवाज झाला तरी मी आकडे म्हणायले लागतो. दुसरं म्हणजे, आपल्या थोरल्या चिंधूदादाले ऐकू येत नाही म्हणून आपल्या घरात सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय. मी फोनवर काही गुपित बोललो तं ते सौंसरच्या बाजारात माझ्या आधी पोचते. म्हणून हे पत्र तुमच्या लोधीखेड्याच्या बसवाल्याजवळ देऊन राहिलो. तो बिचारा वाचत नाही, त्याले चष्मा लागला आहे अन् तो लावायले लाजते.

तर गोष्ट माझ्या लेकीची, दामिनीची. तुझी भाची नागपूरले नोकरी करता करता नाटकात कामं करून राहिली, हे तुले माहीत आहे. मागच्या नाटकात ती झाड होती. मी अन् तुझी भावजय प्रमिला दोघंच जाऊन पाहून आलो. प्रमिला म्हणे, झाड चांगलं होतं पण जरा हललं असतं तं बरं झालं असतं. मी म्हटलं, वारा नव्हता तं झाड हलन कशाले. (यावरून परतीच्या वाटेवर सावनेरपर्यंत आम्ही बोललो नाही.) यंदा मात्र तिले बोलायचं काम मिळालं. ती नर्स आहे अन् तीन वेळा बोलते, त्यातल्या तिसऱ्या वेळी रडते. खरं सांगतो बाई, हे ऐकून मी बागेत गेलो अन् एका संत्र्याच्या झाडाले टेकून चांगला रडून आलो, मग तोंड धुऊन घरात येऊन म्हटलं, ठीक आहे, पाहू. त्याच सांजेले तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं की नाटक पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आहे, सगळ्यांनी या हं.

सगळ्यांनी या. आता तू या घरची लेक, तुले हे समजावून सांगायची गरज नाही, पण राग आला की माणूस समजावते. आपल्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. एक घरटी एक माणसाचं, त्यात कोणीतरी जाते, जेवते, पान खाऊन येते अन् घरी बाकीच्यांले मेनू सांगते. दुसरं चूलबंद. म्हणजे म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, अन् त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटली तं आवतण देणाऱ्याचा अपमान. चूलबंद आवतणात डोकी मोजत नाहीत. चूल मोजतात. आपल्या घरात तीन भावांची मिळून माणसं पंचवीस अन् चूल एक, बाबांच्या काळापासून. तर 'सगळ्यांनी या' म्हणजे चूलबंद, असं मी घरचा कारभारी म्हणून जाहीर केलं. चिंधूदादानं लगेच धोतर नीळ देऊन धुवायले टाकलं. पंचफुलाकाकू म्हणे नर्सचं काम उभ्याउभ्यानं असते, पोरीची कंबर जाईन, अन् तिनं मेथीचे लाडू वळायले घेतले. एकही माणूस मागं राहायले नको, असं मीच बजावून सांगितलं. हे मीच सांगितलं, एवढं ध्यानात ठेव.

मग मी अन् वीरेंद्र (चिंधूदादाचा पोरगा, घरात त्याच्याच फोनची काच अजून फुटायची आहे) तिकिटं काढायले बसलो. फोनात ते नाट्यगृह असं दिसे जसा आपल्या बागेचा नकाशा, ओळीनं चौकोन. बोट लावलं की चौकोन हिरवा होते, म्हणजे ती खुर्ची आपली. मी पहिल्या ओळीपासून लावायले घेतलं. सहा चौकोन हिरवे झाले. सातवा होईना. मी बोट पुसलं, काच पुसली, दुसऱ्या हाताचं बोट लावलं. चिंधूदादानं आपला अंगठा लावून पाहिला. पंचफुलाकाकू म्हणे राहू दे, कोणाची तरी असन, कोणी रुमाल टाकून गेलं असन. तेवढ्यात खालून एक पाटी वर आली की एका कुटुंबाले जास्तीत जास्त सहा तिकिटं, काळाबाजार होऊ नये म्हणून. मी ती पाटी दोनदा मोठ्यानं वाचली. दामिनीच्या नाटकाचा काळाबाजार कोण करन? त्या झाडाच्या वेळी अर्ध्या खुर्च्यांवर लोकांच्या पिशव्या बसल्या होत्या.

पाटीवर एक नंबर होता. लावला. मानसी नावाची पोरगी बोलली, आवाज गोड, पण मानसी म्हणजे शिकवलेल्या वळणावरून एक पाऊल बाजूले पडत नाही अशी. मी तिले सगळं पहिल्यापासून सांगितलं, झाडापासून. ती विचारे, सर, तुमचा ग्रुप आहे का? मी म्हटलं ग्रुप फोनात असते, आमचं घर आहे. ती म्हणे, दहापेक्षा मोठा ग्रुप असेल तर सर... मी तिथंच तोडलं. म्हटलं पोरी, ग्रुप म्हणजे चार टवाळ एकत्र आले, आम्ही रक्ताचे आहोत, पुन्हा ग्रुप म्हणू नको. ती तरी पुन्हा दहापेक्षा मोठा वर आली, मी पुन्हा तोडलं. मग मी मुद्द्याचं विचारलं की लहान पोरं मांडीवर बसवली तं चालन का, बसमध्ये चालते. ती म्हणे तीन वर्षांवरच्याले खुर्ची लागतेच. पंचफुलाकाकू मागून म्हणे, तिले विचार मी कोणाच्या मांडीवर बसली तं? काकूचं वजन पाहता हे विचारण्यात अर्थ नव्हता, तरी मी विचारलं. मानसीनं फोन धरून ठेवायले सांगितलं अन् सनई लावून दिली. सनई संपली नाही, माझा बॅलन्स संपला.

मग वीरेंद्रनं युक्ती काढली. सहा तिकिटं माझ्या फोनवरून, सहा त्याच्या, सहा प्रमिलाच्या, अशी सगळी काढली. रात्रीचं जेवण गोड लागलं. सकाळी उठतो तं सगळी रद्द. का, तं म्हणे सगळ्यांचा पत्ता एक, व्यवहार संशयास्पद. मी एक टर्म सरपंच राहिलेला माणूस. माझ्यावर आरोप पुष्कळ झाले, त्यातले काही खरेही होते, पण संशयास्पद मले कोणी म्हटलं नव्हतं. खाली अजून एक ओळ होती की वेगळी कुटुंबं असतीन तं प्रत्येकानं आपण वेगळे आहोत अशी घोषणा करून चौकोनात खूण करावी, नाटकाच्या दिवसापर्यंत कधीही तपासणी होऊ शकते. प्रमिला म्हणे, त्यात काय, सरकारी समग्र आयडीत आपली पाच कुटुंबं लिहिली आहेतच, करा खूण. मी म्हटलं सरकारले सांगणं वेगळं अन् दामिनीच्या नाटकाले सांगणं वेगळं. पोरीच्या पहिल्या बोलण्यासाठी मी खोटी खूण करणार नाही. (विहिरीच्या मोटरच्या अर्जावर केली होती, पण तिथं कोणी रडत नव्हतं.) कुटुंब म्हणजे चूल. वेगळं कुटुंब लिहायचं तं वेगळी चूल पेटली पायजे. नाटक होईपर्यंत. मग पुन्हा एक.

बाई, हे वाक्य मी ओट्यावर उभा राहून बोललो अन् तेव्हा मले ते लय शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी घरात चार चुली झाल्या. स्वयंपाकघरातला गॅस प्रमिलाकडे, ओट्यावरची शेगडी धाकट्या रवींद्रच्या घरच्यांकडे, अंगणातली पाणी तापवायची चूल पंचफुलाकाकूकडे, अन् वीरेंद्रची बायको तेजस्विनी हिनं माहेरून आलेली विजेची शेगडी खोक्यातून काढली. ती इतकी वर्षं खोक्यातच होती अन् तिची वायर कोणत्या बटणात जाईन हे मात्र तिले आधीपासून माहीत होतं, यावर मी तेव्हा विचार केला नाही. मग माणसं वाटली. हे वाटप सोपं नव्हतं. चिंधूदादाले पुढची ओळ पायजे म्हणून तो ज्या चुलीत त्या चुलीले पुढची तिकिटं, म्हणून सगळ्या चुलींले तो पायजे. अन् रोज ओरडून जेवायले बोलवावं लागते म्हणून कोणालेच तो नको. पोरांनी आपसात अदलाबदल केली, एक पोरगं तं दोन पतंग अन् मांजाच्या बदल्यात काकूच्या चुलीत गेलं. शेवटी जमलं. वीरेंद्र खुणा करत गेला, चौकोन हिरवे होत गेले. चार चुली, चोवीस तिकिटं, सगळी खरी, सगळी पक्की. घरात टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या. वाजवता वाजवता माझ्या ध्यानात आलं की घरात माणसं पंचवीस आहेत.

पंचविसावा मी. सगळ्यांले मोजणारा माणूस स्वतःले मोजत नाही, पंगतीत वाढणाऱ्याचं ताट जसं शेवटी आठवते तसं ते झालं. प्रमिलाले म्हटलं, अव, तुझ्या चुलीत मी नाही का? तिनं बोटं मोजली अन् म्हणे, सहा झाले न. तीस वर्षांच्या संसारानंतर बाई, सहा झाले न. वीरेंद्र म्हणे काका, तुमची पाचवी चूल मांडा, एकट्याची, एक तिकीट निघन. त्यावर मी त्याले जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एकट्या माणसानं ज्या घरात चूल मांडली ते घर मोडलं असं आपले बाबा म्हणत. चार चुली म्हणजे नाटकाची सोय. पाचवी एकट्याची म्हणजे वाटणी. मी नाही मांडली. तवर तिकिटं संपून गेली, अन् मीही म्हटलं, संपू दे.

आता जेवणाचं ऐक. माझी चूल कोणतीच नाही म्हणजे सगळ्याच माझ्या, असं सगळे तोंडानं म्हणतात. प्रत्यक्षात गॅसवाल्यांले वाटते मी शेगडीवर जेवलो, शेगडीवाल्यांले वाटते अंगणात जेवलो, अन् काकू तं मले पाहून ढेकर देते, म्हणजे मी जेवलोच असं तिले वाटते. परवा असा उपाशी राहिलो अन् गोठ्यात जाऊन ढेपीचा वास घेत बसलो. काल चारही ठिकाणी एकदम दया आली. चारही ठिकाणी वांग्याचं भरीत. पहिल्या ठिकाणी नाही म्हणता येईना, मग दुसऱ्यानं काय पाप केलं, असं करत चार वेळा भरीत खाल्लं. रात्री पोटात चार कुटुंबं भांडून राहिली होती.

पण खरं सांगू का तुले? भुकेचं एवढं नाही. परवा तेजस्विनी तिच्या शेगडीवर चहा करून राहिली होती, दोनच कप, तिचा अन् वीरेंद्रचा. दोघं खिडकीत बसून पीत होते अन् हसून राहिले होते. आपल्या घरात दोन कपांचा चहा मी जन्मात पाहिला नव्हता, आपल्याकडे चहा पातेल्यानं होते. मी म्हटलं, पोरी, नाटक झालं की ही शेगडी खोक्यात गेली पायजे बरं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून, एकदम आदरानं म्हणे, पाहू काका. रवींद्रच्या घरची म्हणे, पाहू भाऊजी. प्रमिलानं तर वेगळी हळद दळून आणली. अन् पंचफुलाकाकू, जिनं आयुष्यभर या घराची एक चूल राखली, ती मले हळूच म्हणे, गजा, माझ्या मनासारखं तिखट मी लग्नानंतर पहिल्यांदा खाऊन राहिली. आता या बाईले मी काय सांगू? त्यांचं खोटं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण रात्री पाणी प्यायले उठलो की चार ठिकाणी चार झाकलेली पातेली दिसतात अन् मले बाबांच्या फोटोकडे पाहवत नाही. फोटोत ते तसेही माझ्याकडे रागानंच पाहतात, पण आता कारण आहे.

असो. तू काळजी करू नको. मी हे पत्र फक्त खुशाली कळवायले लिहिलं, काही मागायले नाही. चिंधूदादा तुले आशीर्वाद सांगते, म्हणजे मी विचारलं काय लिहू, तं तो म्हणे संत्री उतरवून झाली. घरातल्या लहानांचा दंडवत, मोठ्यांची आठवण. भाऊजींच्या खोकल्यावर तुळशीचा काढा द्यावा अन् त्यांनी तो बोलण्याच्या आधी गिळावा.

तुझा भाऊ, पंचविसावा,
गजेंद्र

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं, ते इतर बाबतीत खरं आहे. एकच काम कर. नाटकाच्या रविवारी दुपारी तू आम्हाले चूलबंद आवतण दे. लोधीखेड्यावरून नागपूरले जाऊ, वाट थोडी वाकडी पडन, पडू दे. आवतण एकच पाठव, चिंधूदादाच्या नावानं, चार पाठवू नको. तू या घरची मोठी लेक, तुझं चूलबंद मोडायची कोणाची छाती नाही. त्या दिवशी सकाळी चारही चुली थंड राहतीन. सगळे मोटारीत बसले की मी काही विसरलो असं सांगून मागं येईन. गॅसचं रेग्युलेटर माझ्या पिशवीत, विजेच्या शेगडीची वायर माझ्या पिशवीत, ओट्यावरच्या शेगडीची जाळी माझ्या कोटाच्या खिशात, अन् अंगणातल्या चुलीवर तुळशीची कुंडी. तुळस कोणी हलवणार नाही. रात्री परत आल्यावर पोरांले भूक लागन, तेव्हा पिशवीतून एकच वस्तू निघन, रेग्युलेटर. विजेची वायर मी तेजस्विनीले नंतर देईन. दोन कपांच्या चहापुरती. तेवढं मी पाहिलं आहे, ते मोडायचं माझ्या मनात नाही.

ता. क. हे मी सुचवलं असं कोणाले सांगू नको. किती माणसं येतीन असंही विचारू नको, चूलबंदात विचारत नाहीत. जास्त काही करू नको, गोळाभात अन् कढी पुरे. भरीत नको.

ता. क. पत्र चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहून राहिलो. गव्हाच्या कोठीत फोन टिंगटिंग करत होता, उंदरं भ्यायले लागली म्हणून काढला. बोट कुठं तरी लागून ती तिकिटांची पाटी अगदी तळापर्यंत सरकली. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की दहापेक्षा जास्त माणसं असतीन तं सहाचा नियम लागू नाही, या नंबरवर नुसतं सांगा, सगळ्यांले एकत्र जागा देऊ. म्हणजे ती पोरगी हेच सांगून राहिली होती अन् मी तिले रक्ताचं समजावत होतो. मी दार लावून घेतलं अन् मानसीले फोन केला. तिनं आवाजावरून ओळखलं, म्हणे झाडवाले सर का? आता सगळ्या खुर्च्या गेल्या होत्या, एकच उरली होती, कोणी परत केलेली, शेवटच्या ओळीत, खांबाच्या मागं. तिनं नियमाप्रमाणे विचारलं, कुटुंबं किती, सर? मी म्हटलं एकच, पंचवीस माणसांचं, त्यातला एक राहिला आहे. या वेळी तिनं सनई लावली नाही, सरळ तिकीट पाठवून दिलं. दामिनी खांबाच्या कोणत्या बाजूनं रडन ते माहीत नाही, मी मान दोन्हीकडे करीन. बारीक अक्षराचं घरात कोणाले बोलू नको, माझा कारभार जाईन. अन् बाई, मले तिकीट मिळालं म्हणून आवतण रद्द करू नको. तिकिटाचं काम झालं, चुलीचं राहिलं आहे.